एका आकड्याने भागत नाही: एआरएआयला खुले पत्र

प्रति,
संचालक आणि अधिकारीवर्ग,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात एआरएआय,
वेताळ टेकडी, पुणे

विषय: हायब्रिड गाड्यांच्या मायलेजचा शहरातला आणि हायवेवरचा आकडा वेगवेगळा जाहीर करण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

पुण्यात गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये रंग बघतो, सनरूफ बघतो, टचस्क्रीनवर बोटं फिरवतो, पण शेवटी प्रश्न दोनच विचारतो: ऑन-रोड कितीला पडेल, आणि ॲव्हरेज किती देते? पहिल्याचं उत्तर कॅल्क्युलेटरवर मिळतं. दुसऱ्याचं तुमच्या नावाने मिळतं. “एआरएआय अठ्ठावीस, मॅडम,” असं म्हणून सेल्समन जरा थांबतो, आकडा मुरायला वेळ देतो. गाडीची चाचणी तिकडे हरियाणात मानेसरला, दुसऱ्याच संस्थेत, झालेली असली तरी तो म्हणणार एआरएआयच. १९६६ पासून तुम्ही कमावलेली ही पत आहे आणि तिच्याच भरवशावर हे पत्र लिहिते आहे.

मी कोथरूडला राहते. हिशेब तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. गाडी मध्यम आकाराची हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवर चालणारी मोटर. चार्जरला लावायची नाही, पेट्रोल भरायचं, बॅटरी तिची ती भरून घेते. बाजारात हिला स्ट्राँग हायब्रिड म्हणतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गाडीबद्दल तक्रार नाही. तुमच्या चाचणीबद्दलही नाही. चाचणी नियमाप्रमाणे होते आणि जो आकडा येतो तो त्या चाचणीपुरता खराच असतो. माझी मागणी एवढीच आहे की हायब्रिडच्या बाबतीत तो एक आकडा फोडून द्या. शहराचा वेगळा, हायवेचा वेगळा.

साध्या पेट्रोल गाडीला एक आकडा कसाबसा चालून जातो, कारण तिचा स्वभाव आपल्याला पाठ आहे. गावात पिते, हायवेला देते. कंपनीचा आकडा ऐकला की आपण मनातल्या मनात गावासाठी तीन-चार वजा करतो आणि लांबच्या प्रवासाला थोडा परत जमा करतो. गॅरेजमधल्या पोऱ्यालाही हे गणित येतं. हायब्रिडने ते उलटं केलंय, आणि ही गोष्ट त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

माझं ऑफिस बाणेरला. संध्याकाळी गणेशखिंड रस्त्याने विद्यापीठ चौकाकडे सरकताना काय होतं ते सांगते. पुढची बस हलते, मी ब्रेकवरून पाय काढते, गाडी बॅटरीवर दहा-पंधरा फूट पुढे जाते आणि परत थांबते. इंजिन बंदच. एसी मात्र चालू, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिनच्या पट्ट्यावर नाही. ब्रेक दाबला की स्क्रीनवर चाकांकडून बॅटरीकडे बाण धावतो. जी ताकद इतर गाड्यांच्या ब्रेक पॅडमध्ये तापून वाया जाते तिच्यातली थोडी परत खात्यात जमा होते. बॅटरीचे दोन दांडे उरले की स्टिअरिंगला बारीकशी थरथर जाणवते, इंजिन उठतं, चार-पाच मिनिटं कमावतं आणि पुन्हा झोपतं. शेजारची गाडी त्या वेळात जागेवर उभी राहून पेट्रोल जाळत असते. अशा रस्त्यावर मला लिटरला बावीस-तेवीस मिळतात. माझ्या आधीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकला याच रस्त्यावर दहा-अकरा मिळायचे.

आता तीच गाडी एक्सप्रेसवेला काढा आणि शंभरला लावा. ब्रेक लागतच नाही, मग परत मिळवायचं काय? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पन्नासच्या तुलनेत शंभरला चौपट. इंजिन सलग चालतं. बॅटरी आणि मोटर यांना करण्यासारखं फारसं उरत नाही, पण त्यांचं वजन डिकीखाली बसून प्रवास करतच असतं. इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं असल्यामुळे ते साध्या पेट्रोल इंजिनापेक्षा थोडं काटकसरी चालतं, हे खरं. तरी अठरा-एकोणीसच्या वर आकडा हलत नाही.

घाटाबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो: उतारावर बॅटरी भरते म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरलं की पनवेलपर्यंत फुकटात. हिशेब करून पाहा. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी शंभर मीटर खाली उतरली तर साधारण ०.४ युनिट वीज होईल एवढी ऊर्जा सुटते. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतचा उतार पाचशे मीटरचा धरला तर दोन युनिट झाले. माझ्यासारख्या गाडीतली बॅटरी असते पाऊण युनिटच्या आसपास, आणि तीही गाडी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली होऊ देत नाही, मधल्याच पट्ट्यात वापरते. घाट निम्मा उतरायच्या आत बॅटरी तुडुंब भरते. त्यानंतर ॲक्सिलरेटरला पायही लावलेला नसताना इंजिन मोठ्याने गुरगुरायला लागतं. पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो, काही बिघडलं की काय! बिघडलेलं काही नसतं. पेट्रोल न पिता इंजिन नुसतं फिरवून गाडी स्वतःला आवरून धरत असते, जुन्या ड्रायव्हरांनी घाटात दुसरा गिअर टाकावा तसं. थोडक्यात, घाटातली बरीचशी कमाई वाऱ्यात, टायरात आणि त्या गुरगुरण्यात जाते.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची गाडी माझ्याच जातीची. मुलगी ठाण्याला असते, नातवंडं लहान आहेत, त्यामुळे काका-काकू जवळजवळ दर आठवड्याला एक्सप्रेसवेवर. पुण्यात ते रिक्षाने किंवा मेट्रोने फिरतात, गाडी काढतच नाहीत. काकांकडे एक डायरी आहे. पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, लिटर लिहायचे, खाली भागाकार. पानं भरली, भागाकार एकोणीसच्या पुढे जाईना. सर्व्हिस सेंटरला दोनदा गाडी दाखवली. तिथे सांगितलं, “काका, चालवण्याच्या पद्धतीवर असतं.” चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे ऐकून जे वाटायचं ते वाटलं. त्यांची आधीची डिझेल याच रस्त्यावर एकोणीसच देत होती. म्हणजे काही लाख जास्त मोजून काकांनी तोच आकडा विकत घेतला. गाडी विकताना शोरूममध्ये त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की तुमचं जाणं-येणं कुठे असतं. अठ्ठावीस सांगितलं आणि बुकिंगचा चेक घेतला.

काका म्हणतात एआरएआय खोटं बोलतं. मी त्यांना सांगते, खोटं कुणीच बोललेलं नाही. तरी काका फसलेच.

हा प्रश्न पैशाचाही आहे, म्हणून थोडी आकडेमोड. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरू. पंपावर त्याहून जास्तच पडतं. सगळं फिरणं शहरात असेल, साधी पेट्रोल ऑटोमॅटिक ११ देत असेल आणि हायब्रिड २१, तर वर्षाला ५२० लिटर वाचतात, म्हणजे ५२,००० रुपये. तेच सगळं फिरणं हायवेला असेल, साधी १६ आणि हायब्रिड १९, तर वाचतात जेमतेम ११८ लिटर, पावणेबारा हजार रुपये. हायब्रिडसाठी अडीच लाख जास्त मोजले असं समजलं तर शहरवाल्याचे पैसे पाच वर्षांच्या आत वसूल होतात. हायवेवाल्याला एकवीस वर्षं थांबावं लागेल, आणि खाजगी गाडीची नोंदणीच मुळात पंधरा वर्षांची असते. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात. पहिल्याची वसुली तिच्या आत बसते, दुसऱ्याची तिच्यापासून कोसभर लांब राहते. गाडी तीच, किलोमीटर तेवढेच, तुमचा आकडाही तोच.

त्यात सरकारकडूनही हायब्रिडवाल्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के आणि चार मीटरपेक्षा लांब किंवा १,२०० सीसीच्या वरच्या इंजिनाच्या हायब्रिडला ४० टक्के, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीइतकाच. हे बरोबर की चूक हा वाद इथे नको, तो जीएसटी परिषदेशी घालायचा. पण सवलत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाला वाचलेल्या पेट्रोलवरच सगळी भिस्त ठेवावी लागते. मग ते किती वाचेल हे त्याला नीट कळायला नको?

आता तुमच्या चाचणीकडे येते. तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे फारच झालं, पण पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना वाटतं की तुमची माणसं गाडी घेऊन पौड रोडवर एक चक्कर मारून येतात. तसं नसतं. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात. एकूण ११८० सेकंद, अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर, एसी बंद. पहिला भाग शहराचा: १९५ सेकंदांचा तोच तुकडा चार वेळा, वेग जास्तीत जास्त ५०, सरासरी १९. दुसरा भाग शहराबाहेरचा, चारशे सेकंदांचा, वेग ९० पर्यंत. शहराच्या भागात एकदा शून्यावरून पन्नासला जायला २६ सेकंद दिलेले आहेत. कर्वे रोडला सिग्नल सुटल्यावर पन्नास गाठायला कुणी २६ सेकंद लावून दाखवावेत. मागचा हॉर्नवरचा अंगठा काढणार नाही. एवढ्या हळुवार चालीत हायब्रिडची मोटर खुशीत असते, इंजिनाला उठायचं काम फार पडत नाही. नव्वदच्या वरचा वेग चाचणीत नाहीच. घाट नाही, चार माणसं आणि टपावरचं सामान नाही. अठ्ठावीस येतात ते असे.

मला यातलं एकच महत्त्वाचं वाटतं: चाचणीचे भाग आधीपासूनच दोन आहेत. ही चाचणी ज्या युरोपियन चाचणीवरून बेतलेली आहे, तिचे निकाल तिकडे शहर, शहराबाहेर आणि एकत्र असे तीन आकड्यांत जाहीर व्हायचे. आपण चाचणी आणली आणि जाहीर करताना तीनातला एकच ठेवला. पेट्रोल-डिझेलच्या जमान्यात ते खपून गेलं.

अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवरच्या कागदावर शहर, हायवे आणि एकत्र असे तीन आकडे असतात. टोयोटाच्या कोरोलाचं २०२४ चं उदाहरण घ्या. साध्या पेट्रोल कोरोलाला शहरात ३२ आणि हायवेला ४१ मैल प्रति गॅलन. हायब्रिड कोरोलाला शहरात ५३, हायवेला ४६. आपल्या मापात म्हणजे साधीला साडेतेरा आणि साडेसतरा, हायब्रिडला साडेबावीस आणि साडेएकोणीस. शहरात नऊचा फरक, हायवेला दोनचा. काकांनी हे चार आकडे बघितले असते तर सेल्समनला पुढे काही बोलायची गरजच पडली नसती. आणि गंमत बघा, त्या कागदावरचा हायब्रिडचा हायवेचा आकडा काकांच्या डायरीशी कसा जुळतो. गाडी वेगळी, देश वेगळा, तरी.

“नियम मंत्रालय करतं, आम्ही फक्त तपासतो” असं उत्तर येईल, हे मी धरूनच चालले आहे. खरंही आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम दिल्लीत ठरतात. पण वाहन उद्योगाची मानकं ज्या समितीत तयार होतात तिचं सचिवालय तुमच्याच टेकडीवर आहे. मसुदे तुमच्याकडे लिहिले जातात, बैठकींचे कागद तुमच्याकडून निघतात. एवढं घरात असताना नुसता निरोप्या म्हणवून घेणं तुम्हाला शोभत नाही.

आणि मोजण्याची साधनंही आहेत. १ एप्रिल २०२३ पासून बीएस सहा या धुराच्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला, तेव्हापासून नव्या मॉडेलचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावर मोजावा लागतो. गाडीच्या मागे मोजणीयंत्र बांधायचं आणि शहर, शहराबाहेरचा रस्ता आणि वेगवान महामार्ग असे तिन्ही भाग घेत हिंडायचं. त्या यंत्रात कार्बन डायऑक्साइडही मोजला जातो, आणि त्यावरून किती इंधन जळलं हे काढणं तुमच्या कुठल्याही इंजिनिअरला डाव्या हाताचं काम आहे. म्हणजे माहिती कुठल्या ना कुठल्या फाइलीत पडून आहेच. ती गिऱ्हाइकापर्यंत आणायची, एवढंच बाकी.

कंपन्यांना हे नको असेल, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. शहराचा वेगळा आकडा छापला तर हायब्रिड विकायला त्यांना याहून चांगली जाहिरात कुठली? आज अठ्ठावीसच्या आकड्यावर कुणाचाच विश्वास नाही. घेणारा मनात म्हणतो, “देईल वीस,” आणि गप्प बसतो. प्रत्यक्ष रस्त्यावर मोजून शहराला तेवीस-चोवीस असं तुमच्या शिक्क्यानिशी लिहिलं आणि शेजारच्या पेट्रोल गाडीला बारा-तेरा, तर हिंजवडी-मगरपट्ट्यात रोज दोन-दोन तास अडकणारी किती तरी माणसं आपण होऊन हायब्रिडकडे वळतील. ज्यांचं सगळं फिरणं कोल्हापूर-सोलापूर-मुंबई असं आहे ती वळणार नाहीत, आणि त्यांनी वळूही नये. त्यांनी डिझेल घ्यावी, सीएनजी घ्यावी, एसटीने जावं, काय हवं ते करावं.

चाचणी एसी चालू ठेवूनही घ्यावी, असं अलीकडे बरंच बोललं जातंय, तेही व्हावं. हायब्रिडमध्ये एसीचा भार बॅटरीवर पडतो आणि बॅटरी भरायला इंजिन वरचेवर उठतं. एप्रिल-मेमध्ये माझा शहरातला आकडा दोनाने तरी खाली येतो. युरोपात सध्या वापरात असलेली चाचणी चार वेगटप्प्यांची आहे. आपल्याकडेही ती येणार अशी चर्चा आहे. आली तर चारही टप्पे जाहीर करा, परत एकात कोंबू नका. मात्र तिची वाट बघत शहर-हायवेचा विषय लांबवू नये, ही विनंती. आत्ताच्या चाचणीतले दोन भाग वेगळे छापायला नवीन रोलरही लागत नाही आणि नवीन इमारतही.

शोरूममधल्या गाडीच्या काचेवर मराठीत आणि इंग्रजीत तीन ओळी असाव्यात. शहरात इतके. हायवेवर इतके. चाचणीतला कमाल वेग इतका, एसी बंद. चौथी ओळ सुचवायचा मोह होतोय, पण तो कंपनीच्या वकिलांच्या काळजीपोटी आवरते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कोथरूडची एक हायब्रिडमालक

ता. क.: हे पत्र शोरूममधल्या मंडळींच्या हाती पडलं तर त्यांना दोन गोष्टी. गिऱ्हाइकाला आधी विचारा की आठवड्याला टोलनाके किती ओलांडता. आकडा त्यानंतर सांगा. आणि डिकी उघडून दाखवा, फोटोवर भागवू नका. बॅटरी मागेच असते आणि जागा खाते. होंडा सिटीच्या पेट्रोल गाडीची डिकी ५०६ लिटरची आहे, हायब्रिडची ३०६. दोन मोठ्या बॅगा आणि काकूंचा आंब्यांचा करंडा यांत काय मागे राहणार, हे बुकिंगच्या आधी ठरलेलं बरं.